परवाना मिळाला, आता पिस्तूल मिरवायचं कुठं?

अभिनंदन! कलेक्टर कचेरीचे हेलपाटे संपले, परवाना हातात पडला. अर्जात 'जीवितास धोका' असं लिहिलं होतं, तो धोका सरकारदरबारी मंजूर झाला. धोका नेमका कुणापासून, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. वाळूचा ठेका असेल, खडी क्रशर असेल, ऊसतोडीची मुकादमकी असेल किंवा तुम्ही नुसतेच गुत्तेदार असाल, तर धोका असतोच. आणि समजा नसला, तर कमरेला पिस्तूल आल्यावर होतो.

आता तुम्ही लाखभर मोजून पॉइंट ३२ बोअरचं, म्हणजे तेवढ्या नळीचं, पिस्तूल घेणार. पोरं विचारतील, नाइन एमएम का नाही? त्यांना सांगा, ते प्रतिबंधित बोअर आहे, आपल्यासारख्यांना मिळत नाही. जोडीला आणखी एक घेता येईल. पूर्वी एका परवानाधारकाला तीन चालायची. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं ती दोनवर आणली. म्हणजे डाव्या-उजव्या कमरेची सोय आहे, तिसरी कंबर तुम्हाला तशीही नाही.

खरी अडचण इथून पुढं आहे. तुम्ही पिस्तूल घेतलंय दाखवायला आणि कायद्याला ते नेमकं दिसायला नको आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत बत्तीसावा नियम आहे. तो म्हणतो, सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचं तर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठीवरच्या पिशवीत न्या, आणि ते पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे. पूर्ण म्हणजे पूर्ण! पांढरा शर्ट आत खोचून, पट्ट्यावर मूठ काढून, मोंढ्यातल्या हॉटेलात खुर्ची उलटी फिरवून बसायचं, ही जी कला तुम्ही इतकी वर्षं दुसऱ्यांची बघून शिकलात, तीच या नियमानं मारली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. झाकल्या पिस्तुलाची गावात कवडीची किंमत नाही. ते हातात घेऊन नाचवायलाही त्याच नियमात मनाई आहे. लग्न, मिरवणूक, जत्रा यांत हा प्रकार केला तर परवाना जाऊ शकतो आणि शस्त्रही जप्त होतं. म्हणून माझा सल्ला असा की शर्ट बाहेरच ठेवा आणि दर दोन मिनिटांनी कंबर चाचपत राहा. बघणाऱ्याला कळतं. फार तर तो मणक्याचं दुखणं समजेल.

लग्नसराई आली की तुमचा हात शिवशिवणार, हे मी जाणून आहे. नवरदेव घोड्यावर, डीजे फुल्ल, पाव्हणे म्हणतायत, "दादा, होऊ द्या एक!" तेव्हा आठवा की २०१९ साली संसदेनं तुमचाच विचार करून शस्त्र कायद्यात एक पोटकलम घातलंय. आनंदाच्या भरात कुणाच्या जिवाला धोका होईल असा गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि हा आनंदाचा भर कुठला, तेही खुलासा करून लिहिलंय: सार्वजनिक मेळावे, धार्मिक स्थळं, लग्नकार्यं आणि इतर समारंभ. घरातल्या बारशापासून कपिलधारच्या यात्रेपर्यंत काहीच सोडलं नाही. वर मारलेली गोळी देव झेलून घेतो असा आपला समज आहे. ती कुणाच्या तरी पत्र्यावर किंवा डोक्यावरच येते. पण हे मंडपात सांगायला गेलात तर पाव्हणे तुम्हाला शाळामास्तर म्हणतील.

एवढं करूनही झाडलीच, तर निदान रील करू नका. करायचीच असेल तर पोलिसांवरचा ताण कमी होईल अशी करा. चेहरा समोरून, पिस्तूल उजव्या हातात, मागं गाडीची नंबर प्लेट, वर तारीख आणि गावाचं नाव. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, त्यानंतर साऱ्या महाराष्ट्रानं बीड जिल्ह्यातले शस्त्रपरवाने मोजायला घेतले. बाराशेच्या वर भरले. हवेत बार काढणाऱ्यांचे जुने-नवे व्हिडिओ त्याच दिवसांत घरोघरी पोचले, आणि मग नोटिसा निघाल्या, परवाने रद्द व्हायला लागले. पंचनामा करायला कुणाला उठावंच लागलं नाही, तो मालकांनीच आधी अपलोड करून ठेवला होता.

फिरायला जाताना परवाना काढून एकदा वाचा. क्षेत्राचा रकाना असतो. तिथं महाराष्ट्रापुरतं लिहिलं असेल तर तुमचा धोका हद्दीवर संपतो, असं सरकारचं मत आहे. उदगीरहून बीदरला साडूकडं निघालात, नातवाला पाटीपूजेला धर्माबादवरून बासरला नेलंत, की हद्द ओलांडताक्षणी तुम्ही विनापरवाना शस्त्रधारी. आता १९५६ च्या आधी उदगीर हा बीदर जिल्ह्याचाच तालुका होता, हे खरंच आहे. कर्नाटकच्या नाक्यावरल्या पोलिसाला सांगून बघा. कानडीतून सांगितलंत तर तो निदान बसायला खुर्ची देईल. विमानाचं तर विचारूच नका. चिकलठाण्याला काउंटरवर आधी सांगायचं, कागद दाखवायचे, गोळ्या काढलेलं पिस्तूल सामानाबरोबर पोटात पाठवायचं, आणि मुंबईपर्यंत जिवाला असलेला धोका तसाच सोसायचा.

बरं, जिल्ह्यातच राहीन म्हणालात, तर तिथं सदतीस आहे. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१, कलम ३७. सण, मोर्चा, जयंती, उपोषण, काही ना काही असतंच, आणि पेपरात आतल्या पानावर तळाला चार ओळी येतात: 'जिल्ह्यात मनाई आदेश लागू'. पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच ओळी, फक्त तारखा बदललेल्या. तुम्ही पहिल्या पानावर स्वतःच्या वाढदिवसाची जाहिरात शोधत असता, म्हणून ते राहून जातं. एकदा तो आदेश सावकाश वाचाच. काय काय बाळगायचं नाही याची यादी असते: काठ्या, सोटे, तलवारी, भाले, सुरे, बंदुका, दगड. लाखभराचं पिस्तूल सरकारनं गुराख्याच्या काठीच्या आणि रस्त्यावरच्या दगडाच्या पंगतीला बसवलंय. याचा निषेध म्हणून तुम्ही मोर्चा काढू शकला असतात, पण त्याच आदेशात जमावबंदीही असते.

परवान्यातली अट मोडली तर शस्त्र कायद्याच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. दोन हजार ऐकून हसलात ना? बरोबर आहे, तेवढ्यात चौकातला एक बरा फ्लेक्सही होत नाही. सहा महिने मात्र पुन्हा एकदा वाचा.

आणि निवडणूक! वर्षभरात जिवाला खरा धोका कधी असतो, तर तेव्हाच. चुलत भाऊ दुसऱ्या पॅनलकडून उभा, मेहुणा तिसऱ्या. नेमकी त्याच वेळी आचारसंहिता लागते आणि ठाण्यातून निरोप येतो, 'हत्यार जमा करा'. कुणाचं जमा करायचं आणि कुणाला सूट द्यायची, हे छाननी समिती ठरवते. सूट मागायचा अर्ज जरूर करा. त्यात आपल्यावरचे जुने गुन्हे लिहू नका, ते समितीकडं आधीच पोचलेले असतात. चुकून सूट मिळालीच, तर लोकसभा-विधानसभेच्या मतदानादिवशी हुरळून बूथवर जाऊ नका. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३४-ब कलमाखाली केंद्राच्या आसपास शस्त्र घेऊन फिरलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, शस्त्र सरकारजमा, आणि परवाना आपोआप रद्द झाला असं समजतात.

लोकसभा, विधानसभा, झेडपी, नगरपालिका, ग्रामपंचायत असं धरत गेलं, की तुमच्या पिस्तुलाचा मुक्काम तुमच्यापेक्षा ठाण्यातच जास्त पडणार. मालखान्यातला हवालदार त्याला तुमच्याआधी ओळखायला लागेल. पण मन खट्टू करून घेऊ नका. जमा फक्त पिस्तूल करायचं असतं. होल्स्टरला परवाना लागत नाही, आचारसंहिता लागत नाही, क्षेत्राचा रकाना नाही. ते कमरेला असू द्या, वरून नियमाप्रमाणे शर्टानं पूर्ण झाका. आत गाय छापची पुडी आणि चुन्याची डबी अगदी बरोबर बसते, आणि बाहेरून फुगवटा तेवढाच दिसतो.