झरोके बुजवून माळा कोरडा राहत नाही

‘पावसाआधी हे पाच उपाय करा, माळा आयुष्यभर कोरडा!’ हा मेसेज माझ्याकडे तीनदा आला. तिन्ही वेळा न वाचता उडवला. चौथ्यांदा तो मावशीकडे गेला आणि तिने तो नुसता वाचला नाही, अमलातही आणला. म्हणून आता लिहावं लागतंय.

‘माळ्याचे सगळे झरोके प्लॅस्टिकचे बोळे कोंबून बंद करा, ओल बाहेरूनच येते.’ बाहेरूनच? आंघोळीची, स्वयंपाकाची, घरात वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ जाते कुठे? वरच. २५ अंशांना एक घनमीटर हवेत फार तर २३ ग्रॅम वाफ मावते, १५ अंशांना जेमतेम १३. रात्री छप्पर गार पडलं की जास्तीची वाफ तिथेच पाणी होऊन बसते. मावशीच्या माळ्यावर टॉर्च मारला तर फळ्यांतून खाली आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकाला एकेक थेंब लटकलेला, भोवती गंजाचं तपकिरी कडं. चार दिवसांत पावसाचा टिपूस नव्हता. छपराला भोक असतं तर पाऊस पडल्यावर एखाद्या जागी गळलं असतं. सगळेच खिळे घामेजले, म्हणजे हवा कोंडलीय. बोळे उपसले, तिसऱ्या दिवशी खिळे कोरडे.

बरं, वाऱ्याचा पाऊस झरोक्यातून आत उडतो, हे खरं. त्यासाठी बाहेरच्या बाजूला उतरत्या पट्ट्या आणि जाळी बसवतात. सर्दी झाली म्हणून कुणी नाक शिवून घेत नाही.

‘जिथे थेंब पडतो, त्याच्या बरोबर वर लांबी भरा.’ पाणी इतकं सरळमार्गी नसतं. ते वाशावरून घरंगळत येतं आणि भलतीकडेच टपकतं. ओलीचा माग धरून वर चढत जा. पाइप किंवा चिमणी छपरातून बाहेर पडते तो सांधा आधी बघा.

‘डागावर आतून वॉटरप्रूफ रंग मारा.’ डाग झाकला जाईल, गळती नाही. आत लाकूड कुजत राहील आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. त्यापेक्षा डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ मारून ठेवा. पुढच्या पावसात डाग रेघेबाहेर गेला, तर गळती चालू आहे.

‘भिजलं तरी घाबरू नका, माळा तापतो, आठवड्यात आपोआप वाळतं.’ हे वाचून मात्र डोकंच फिरलं. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, ईपीए, स्पष्ट सांगते की भिजलेलं सामान २४ ते ४८ तासांत वाळवलं तर बहुतेक वेळा बुरशी धरत नाही. तास म्हटलंय, आठवडा नाही. भिजलेल्या गाद्या, खोकी त्याच दिवशी खाली काढा.

राहिला पाचवा, पन्हळीतला पालापाचोळा काढण्याचा. तो बरोबर आहे, आणि पाचांपैकी नेमका तोच मावशीने केला नव्हता. शिडी लागते म्हणे.