सांडपाण्यावरची शेती आणि तो एक पानी रिपोर्ट

प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर पिकं घ्यावीत की नाही यावरून इथे अधूनमधून जुंपतेच आणि दोन्हीकडचे डायलॉग ठरलेले. एक पार्टी म्हणते गटाराचं पाणी आहे, विष आहे, विषय संपला. दुसरी पार्टी सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा एक पानी रिपोर्ट कमेंटमध्ये चिकटवते, बीओडी १० च्या आत, पीएच ठीक, गढूळपणा नाही, झालं, पाणी सेफ. माझं पोट असल्या सॅम्पल्सच्या तपासणीवर चालतं म्हणून आधीच सांगून टाकते, मी या पाण्याच्या बाजूची आहे. सांडपाणी रोज तयार होणारच, त्यात नायट्रोजन फॉस्फरस आयता मिळतो, नदीत सोडून नदी सडवण्यापेक्षा शेतात गेलेलं कधीही बरं. पण तो एक पानी रिपोर्ट पुरावा म्हणून कोणी तोंडावर फेकला की माझं डोकं फिरतं.

कारण बीओडी कशाची टेस्ट आहे? जिवाणूंनी पाच दिवसांत सेंद्रिय घाण खाताना किती ऑक्सिजन वापरला, एवढीच. जी घाण जिवाणूंना खाताच येत नाही ती या आकड्यात दिसणारच नाही, आणि पिकाच्या दृष्टीनं नेमकी तीच महत्त्वाची. कार्बामाझेपिन घ्या. फिट्सवरचं औषध, लाखो लोक घेतात, आणि नेहमीच्या जैविक प्रक्रियेतून ते जवळपास जसंच्या तसं बाहेर येतं. त्याच्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे मुळांमधून आत शिरायला अडचण नाही, आणि मग ते पाण्याबरोबर वर चढत पानात जातं, पान पाणी हवेत सोडतं आणि हे मागे राहतं. याउलट डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही आम्लधर्मी मंडळी, मातीच्या पीएचला त्यांच्यावर ऋण भार असतो, पेशीचा पडदा त्यांना सहजी आत घेत नाही. म्हणजे एकाच पाण्यात दोन्ही औषधं सारखीच असली तरी पानात पोचतात वेगवेगळी. हे पाण्याच्या रिपोर्टवरून कळणार कसं?

आता लगेच कोणी घाबरून भाजी फेकू नका. इस्राएलमध्ये सांडपाण्यातलं ८५ टक्क्यांच्या वर पाणी पुन्हा शेतीला जातं, जगात सगळ्यात जास्त, आणि तिथल्याच संशोधकांनी २०१६ मध्ये एक साधा पण भारी प्रयोग छापला. ३४ निरोगी माणसं, दोन गट, एका गटाला पहिला आठवडा प्रक्रिया केलेल्या पाण्यावरचा भाजीपाला आणि नंतर गोड्या पाण्यावरचा, दुसऱ्याला उलट क्रमानं, आणि लघवीत कार्बामाझेपिन मोजलं. पहिल्या गटातल्या प्रत्येकाच्या लघवीत आठवड्याभरात ते मोजता येईल इतकं आलं आणि भाजी बदलल्यावर पुन्हा खाली गेलं. प्रमाण मात्र औषध घेणाऱ्या पेशंटच्या तुलनेत हजारो पटींनी कमी. तर ज्याला घाबरवायचंय तो यातला पहिला भाग शेअर करतो आणि ज्याला झाकायचंय तो दुसरा, पूर्ण वाचणारा कमेंटमध्ये भांडायला येतच नाही बहुतेक.

माझा खरा राग रिपोर्टमधल्या ‘आढळले नाही’वर आहे. कुठल्या मर्यादेपर्यंत शोधलं ते शेजारी लिहिलेलं नसेल तर त्या ओळीची किंमत शून्य. या औषधांचं पाण्यातलं प्रमाण नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये असतं, १ नॅनोग्रॅम प्रति लिटर म्हणजे एक लाख कोटी भागांत एक भाग. ज्या मशीनची मर्यादा मायक्रोग्रॅमला संपते त्याच्यावर सॅम्पल चालवलं तर जगातलं कुठलंही पाणी स्वच्छ निघेल! आणि मशीन चांगलं असलं म्हणजे काम झालं असंही नाही, कारण सांडपाण्यात आणि पानाच्या अर्कात इतका इतर मालमसाला असतो की मास स्पेक्ट्रोमीटरच्या (रेणूंना विद्युतभार देऊन वजनावरून ओळखणारं मशीन) तोंडाशी आयन, म्हणजे भारित कण, व्हायला सगळ्यांची झुंबड उडते, आणि आपल्याला हव्या त्या रेणूचा सिग्नल दबतो. आकडा कमी येतो. ग्राहक खूश, लॅब खूश. यावरचा उपाय म्हणजे त्याच औषधाचा जुळा भाऊ, हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, घातलेला, सुरुवातीलाच मोजून सॅम्पलमध्ये टाकायचा. जो मार मूळ रेणूला बसतो तोच जवळपास त्यालाही बसतो आणि हिशेब सुधारता येतो. महाग पडतं, म्हणून स्वस्तात टेस्ट करून देणारे पहिली काट इथेच मारतात.

पानाचं सॅम्पल कसं होतं ते बघण्यासारखं असतं खरंतर. पान गोठवून सुकवायचं, पूड करायची, ट्यूबमध्ये पाणी आणि ॲसिटोनायट्राइल हे द्रावक घालून हलवायचं, मग कोरडं मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ टाकायचं. टाकल्या टाकल्या ट्यूब हातात गरम होते, कारण मॅग्नेशियम सल्फेट पाणी ओढून घेतं. सेंट्रिफ्यूजमधून काढली की वर गर्द हिरवा थर. तो हिरवेपणा काढायला कार्बनची पूड वापरतात आणि ती जास्त पडली की क्लोरोफिलबरोबर सपाट रचनेचे रेणूही गिळून बसते, म्हणजे सॅम्पल दिसायला छान पारदर्शक आणि आत जे शोधायचं तेच गायब. क्वेचर्स म्हणतात या पद्धतीला, २००३ ला आली, मुळात भाज्या-फळांतल्या कीटकनाशकांसाठी. म्हणून रिपोर्टमध्ये रिकव्हरी किती टक्के ते मागा, मुद्दाम घातलेल्यापैकी किती परत हाती लागलं ते. आणि ब्लँक मागा, म्हणजे कोऱ्या पाण्यावर केलेली तीच टेस्ट. कॅफिन शोधणाऱ्या लॅबमध्ये कॉफी पिऊन सॅम्पल हाताळायला बंदी असते ती उगाच नाही, कोऱ्या पाण्यात कॅफिन सापडतं मग. पीफास (नॉनस्टिक, वॉटरप्रूफ वस्तूंमधली चिवट रसायनं) बघायचं असेल तर टेफ्लॉनचं झाकण चालत नाही, वॉटरप्रूफ जॅकेट घालून सॅम्पल घ्यायला जायचं नाही. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर बाटलीत क्लोरीन मारणारं थायोसल्फेट आधीच लागतं, नाहीतर लॅबला पोचेपर्यंत क्लोरीन आपलं काम करत राहतं आणि जंतूही मरतात, औषधंही काही प्रमाणात तुटतात, आणि रिपोर्ट येतो झक्कास.

नियमांचं म्हणाल तर युरोपियन युनियनचा २०२० चा कायदा जून २०२३ पासून लागू आहे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या आणि पाण्याचा थेट स्पर्श होणाऱ्या पिकांसाठी ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जिवाणू) १०० मिलीलिटरमध्ये १० च्या आत, बीओडी लिटरला १० मिलिग्रॅम, गढूळपणा ५ युनिट. चांगलाय. पण सगळ्यांसाठी सरसकट लागू होईल असा औषधांचा आकडा त्यात नाही, ते जोखीम आराखड्यावर सोडलंय. जंतूंच्या बाबतीत हे सगळं पक्कं काम आहे, त्यात वाद नाही, जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्येच सांगितलंय की एकट्या प्लांटवर भिस्त ठेवू नका, ठिबक, तोडणीआधी पाणी थांबवणं, धुणं, सोलणं हे सगळे अडथळे एकावर एक मोजा. ठिबक केलं आणि खायचा भाग जमिनीपासून उंच असला तर नुसत्या त्यानेच जंतू हजारो पटींनी कमी होऊ शकतात. पण ठिबक औषधाला अडवत नाही ना! ते मुळाशी आणखी व्यवस्थित पोचवतं.

आणि ज्याच्यावर कोणी पोस्ट लिहीत नाही ते मीठ. शेतकऱ्याचं नुकसान औषधाच्या आधी मीठ करतं. जैविक प्रक्रियेत क्षार निघत नाहीत, आत आलं तेवढं बाहेर. ईसी, म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते यावरून काढलेलं क्षारांचं माप, ३ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) १९८५ च्या तक्त्यात ते पाणी गंभीर मर्यादांच्या खान्यात जातं. सोडियमचं प्रमाण कॅल्शियम मॅग्नेशियमच्या मानानं वाढलं की चिकण मातीचे कण सुटे होतात, वरचा थर बसतो आणि पाणी आत मुरतच नाही. बोरॉन तर आरओमधूनही बऱ्यापैकी निसटतं, आणि लिंबूवर्गीय झाडांना ते थोडंही सोसत नाही. ह्या टेस्ट स्वस्त आहेत, झटपट होतात, तरी कोणी नियमित करत नाही. एकदा सुरुवातीला केली की पुढची पाच वर्षं तोच कागद फिरतो.

तर माझ्या हातात मोजकेच पैसे असतील तर मी प्लांटच्या तोंडाशी पाचव्यांदा बीओडी करणार नाही. शेताच्या नळीतून ईसी, सोडियम, बोरॉन आणि ई. कोलाय, मातीचं सॅम्पल हंगामाच्या आधी आणि नंतर, आणि एक कार्बामाझेपिन, पाण्यात आणि पानातही, कारण ते चिवट आहे, प्लांटमधून सुटून जे जे पिकात जाऊ शकतं त्याचा बऱ्यापैकी अंदाज त्याच्यावरून येतो. पालेभाजी असेल तर नक्कीच, फळभाजीत सहसा कमी उतरतं. पीफाससाठी हा नियम धरू नका, त्यातली आखूड साखळीची पोरं, म्हणजे छोटे रेणू, फळापर्यंतही जातात, त्यांची टेस्ट वेगळी. आणि पान तोडताना शेंड्याचं कोवळं तोडू नका, खालचं जुनं घ्या, त्याच्यातून जास्त दिवस पाणी वाहिलेलं असतं.