“मॅडम, चेंबर देतो, इंजिन देत नाही”

काल दुपारी बँकेचा मेसेज आला. १,१२,४०० रुपये जमा. नववीच्या वर्गावर होते, तास संपल्यावर पाहिला आणि स्टाफरूममध्ये डोळ्यांत पाणी आलं. अकरा महिने लागले या पैशांना. माझ्याच विम्याचे, माझ्याच गाडीचे पैसे. बऱ्याच जणांनी मधल्या काळात विचारलं होतं, “काय झालं गं तुझ्या क्लेमचं?” म्हणून सगळं एकदाच लिहिते. लांब आहे, पण ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी वाचावं.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आईला पुण्याला डोळ्यांच्या तपासणीला नेलं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची तपासणी. परत कराडला निघायला उशीर झाला, खंबाटकी घाटात वाहनं खोळंबलेली, पाऊस धरलेला. सातारा मागे टाकून अतीतच्या जवळ आलो तेव्हा रात्रीचे सव्वादहा होत आले होते. आपल्याकडे ट्रक बंद पडला की चाकाला उटी म्हणून आणि मागच्यांना कळावं म्हणून रस्त्यावर दगड लावतात. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, दगड तिथेच राहतात. त्यातला एक माझ्या लेनमध्ये होता. पाण्यात दिसला तेव्हा फार जवळ आला होता. चाक वाचवलं, पण दगड गाडीच्या पोटाखाली जबरदस्त आदळला आणि गाडी डाव्या बाजूने दुभाजक... नाही, उजव्या बाजूने दुभाजकाला घासत गेली. (ही चूक मी पहिल्या जबाबातही केली होती आणि ती मला महागात पडली, म्हणून इथे खोडत नाही.) ऑइलचा लाल दिवा लागला. मी तिथल्या तिथे चावी फिरवून इंजिन बंद केलं. गाडी वेगातच घरंगळत चाळीस-पन्नास फुटांवर थांबली. आई काही क्षण गप्प होती, मग म्हणाली, “माझा चष्मा कुठं गेला?” तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

१०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक आहे, फोनमध्ये ठेवा. तिथे फोन केला, गस्तीची गाडी आली, मग क्रेन. विमा कंपनीच्या हेल्पलाइनवरच्या मुलीने एक फार मोलाची गोष्ट सांगितली, “मॅडम, गाडी हलवण्याआधी फोटो काढा, लांबूनही काढा.” मी मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात काढले. दगड, दगडापासून गाडीपर्यंत पाण्यावर पसरलेला तेलाचा पट्टा, किलोमीटरचा दगड, सगळं. ती मुलगी कोण होती मला माहीत नाही. पुढे तिच्याच कंपनीशी भांडले, पण तिचे उपकार विसरणार नाही.

गाडी दुसऱ्या दिवशी फ्लॅटबेडवर साताऱ्याच्या अधिकृत वर्कशॉपला गेली. ऑइल चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) फुटलेला, आणि दगडाच्या मारानं इंजिनच्या खालच्या केसिंगलाही तडा. बंपर, हेडलाइट, उजवे दरवाजे हे वेगळंच. एस्टिमेट १ लाख ९४ हजार, त्यातले १ लाख ४२ हजार एकट्या इंजिनाचे. चौथ्या दिवशी कंपनीसाठी नुकसान मोजणारे सर्व्हेअर आले, पंधरा मिनिटं पाहिलं, फोटो काढले, गेले. आठ दिवसांनी त्यांचा फोन. “मॅडम, चेंबर देतो, इंजिन देत नाही.”

का? तर तेल सांडल्यावर मी गाडी तशीच चालवली म्हणून. “कॉन्सिक्वेन्शियल डॅमेज.”

इथे थोडं थांबते, कारण हा शब्द पुष्कळ जणांच्या वाट्याला येतो. आपल्या पॉलिसीत एक अट असते: अपघातानंतर दुरुस्तीआधी गाडी चालवली आणि त्यामुळे नुकसान वाढलं, तर ते वाढीव नुकसान तुमचं. अट योग्यच आहे. तेल गेलेलं दिसत असताना पाच किलोमीटर रेटत नेलेलं इंजिन जाम झालं, तर कंपनीने का भरावं? (तेल गळून इंजिन गेलं तर त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं वेगळं कवच मिळतं, ते मी घेतलेलं नव्हतं.) पण दगड लागून केसिंग फुटणं हा अपघाताचा थेट मार आहे, तो साध्या पॉलिसीतच येतो. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच की इंजिन दगडानं गेलं की माझ्या चालवण्यानं. या प्रश्नाचं उत्तर गाडी उघडून, पार्ट हातात घेऊन मिळतं. ते फोनवर ठरलं.

मग कंपनीचा तपासनीस घरी आला. त्याचा पहिला प्रश्न, “गाडी खरंच तुम्हीच चालवत होता? मिस्टर नव्हते सोबत?” मी चौदा वर्षं गाडी चालवते आहे. कराड-पुणे किती वेळा केलं याचा हिशोब नाही. आईचे दवाखान्याचे कागद दाखवले, लायसन्स दाखवलं, तरी दोनदा तेच. जबाबात “डाव्या बाजूला घासली” असं माझ्या तोंडून गेलं, लगेच सुधारलं, पण त्याने पहिलं वाक्य तेवढं लिहून घेतलं. खोटे दावे होतात, मला मान्य आहे. गॅरेजवाल्यांशी संगनमत करून जुने ओरखडे नव्या अपघातात घुसवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचा भार आपल्या सगळ्यांच्या हप्त्यावर पडतो. तपास व्हायलाच हवा. पण तपास म्हणजे आधी निष्कर्ष आणि मग त्याला लागेल तेवढा जबाब, असं नव्हे.

महिनाभर मी एक मोठी चूक केली. मी फोन करत राहिले. दर वेळी वेगळा माणूस, दर वेळी “आज वर पाठवतो”. तिकडे वर्कशॉपचा सल्लागार मागे लागलेला, “सही करून टाका, नाहीतर पार्किंगचं भाडं सुरू होईल.” समोर कागद होता डिस्चार्ज व्हाउचरचा, म्हणजे एवढे मिळाले, आता काही मागणी नाही असं लिहून द्यायचं: ३८,७०० रुपये, पूर्ण व अंतिम. दीर म्हणाले, “मिळतायत ते घ्या वहिनी, कंपनीशी कोण भांडत बसणार?” ते माझ्या काळजीनेच म्हणाले. सही करायला पेन काढलंही होतं.

वाचवलं आमच्या शिक्षक पतसंस्थेतल्या एका निवृत्त सरांनी. कर्जाच्या अर्जावर कारण वाचून त्यांनी विचारलं, “नाकारलं हे कुणी लिहून दिलंय का तुम्हाला?” नव्हतं दिलं. एकाही कागदावर नव्हतं. “मग अजून काहीच नाकारलेलं नाही,” सर म्हणाले. “लेखी मागा.”

या पोस्टमधून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. फोनवरचा नकार हा कुणाचाच नसतो. ज्याने दिला तो उद्या बदलून जातो, कारणही बदलतं. कागदावर आलेल्या कारणाला मात्र कंपनी बांधली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या खटल्यात सांगितलंय की नकाराच्या पत्रात जे कारण दिलं नाही, ते कंपनीला नंतर पुढे करता येत नाही. मी त्या रात्री चार ओळींचा ईमेल केला: दावा अंशतः नाकारण्याचं कारण, पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली ते, आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत. दुसऱ्याच दिवशी फोन आला, आवाज एकदम मऊ, “मॅडम, ईमेल कशाला, बोलून मार्ग काढू.” मी म्हटलं, मार्ग ईमेलवरच काढू.

विमा नियामकाचं, म्हणजे आयआरडीएआयचं, ११ जून २०२४ चं परिपत्रक आहे. सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, त्याचा रिपोर्ट १५ दिवसांत, आणि रिपोर्ट हातात आल्यापासून ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. याचा उल्लेख दुसऱ्या स्मरणपत्रात केला. तिसऱ्यानंतर, १९ व्या दिवशी रिपोर्ट आला. त्यात एक वाक्य होतं: वर्कशॉपच्या सांगण्यानुसार गाडी तेल गेल्यावर कराडच्या दिशेने बरंच अंतर चालवली गेली.

वर्कशॉपने असं काही सांगितलंच नव्हतं.

मी साताऱ्याला गेले. सल्लागार डोळे चुकवत होता, त्याचं रोजचं काम त्या कंपनीशी, मी समजू शकते. पण फोरमन, पन्नाशीचा माणूस, मला आत घेऊन गेला. उघडलेलं इंजिन होतं. बेअरिंग हातात ठेवून म्हणाला, “ताई, तेलाशिवाय इंजिन चाललं असतं तर हे जळून निळं-काळं पडलं असतं, चरे पडले असते. हे बघा, साफ आहे. आणि हा तडा बाहेरून आत गेलाय.” मी विचारलं, लिहून द्याल? त्याने मालकाला विचारलं आणि लेटरहेडवर लिहून दिलं. फुटलेला चेंबर आणि केसिंग गोणपाटात बांधून माझ्या हवाली केलं. जुने पार्ट वर्कशॉपला परत देऊ नका, निकाल लागेपर्यंत तरी नाही. फोटोत जे दिसत नाही ते लोखंडावर दिसतं.

बाकीचा पुरावा घरी बसून मिळाला. फास्टॅगचं स्टेटमेंट काढलं. आनेवाडी टोल ९.३४. १०३३ ला माझा फोन १०.१९. पावसात आनेवाडीहून अतीतपर्यंत यायला तेवढाच वेळ लागतो. आणि मी कराडकडे गाडी दामटली असती तर अतीतच्या पुढचा, कराडच्या वाटेवरचा तासवड्याचा टोल कापला गेला असता. तो कापलाच नव्हता. गाडी तिथूनच मागे साताऱ्याला गेली होती. हे सगळं कंपनीलाही एका दिवसात कळलं असतं, कुणी विचारलं असतं तर.

गाडी मात्र थांबवून ठेवता येत नव्हती, आईची तपासणी दर महिन्याला. पतसंस्थेचं कर्ज काढून वर्कशॉपचं पूर्ण बिल भरलं. ३८,७०० घेताना व्हाउचरवर “उर्वरित रकमेचा हक्क राखून स्वीकारले” असं स्वतःच्या हाताने लिहिलं. ‘पूर्ण व अंतिम’वर सही करून बसला असाल तरी सगळं संपलं असं नाही. दबावाखाली किंवा फसवून सही घेतली हे दाखवता आलं तर दावा करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाचं १९९९ पासूनचं मत आहे. पण ते सिद्ध करत बसण्यापेक्षा आधीच लिहिलेलं बरं.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र. महिन्याच्या आत उत्तर आलं, जुनंच वाक्य पुन्हा. त्यानंतर पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारे) ऑनलाइन तक्रार. फी नाही. वकील चालत नाही, आपणच बोलायचं. मला याची भीती वाटत होती, पण तेच बरं झालं. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. आपल्याला तो पटला नाही तर ग्राहक आयोगाची वाट मोकळी राहते. फक्त लोकपालांकडे कंपनीच्या शेवटच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायला हवं.

सुनावणी व्हिडिओवर झाली. मी मराठीत बोलू का विचारलं, बोला म्हणाले. कंपनीच्या प्रतिनिधीने डावी-उजवीचा जबाब काढला. मी कबूल केलं की ते वाक्य माझं आहे आणि चुकीचं आहे, घाबरलेली होते, फोटोत कुठली बाजू घासलीय ते दिसतंय. मग मी एकच प्रश्न विचारला, गाडी चालवली तर तासवड्याचा टोल कुठाय? त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मी चेंबर कॅमेऱ्यासमोर धरला. निवाड्यात इंजिनाचे पैसे मान्य झाले, घसारा (गाडीच्या वयानुसार पार्टच्या किमतीतली घट) वजा करून. गाडी तीन वर्षांची होऊन गेलेली, त्यामुळे धातूच्या पार्टवर २५ टक्के गेले. मजुरीवर घसारा लागत नाही. म्हणून १ लाख ४२ हजारांचे १,१२,४०० झाले. घसाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही, तो पॉलिसीत लिहिलेला आहे. कर्जाचं व्याज मात्र माझं माझ्याकडेच राहिलं.

एका गोष्टीचा राग अजून गेलेला नाही. पॉलिसीच्या अटी इंग्रजीत, बारीक अक्षरात. मी इंग्रजी शिकवत नाही, पण वाचू शकते, तरीही ते कलम समजायला मला दोन संध्याकाळ लागल्या. आमच्या गल्लीतला टेम्पोवाला काय करणार? तो ३८,७०० घेऊन सही करेल आणि आयुष्यभर समजेल की चूक त्याचीच होती. पॉलिसी विकताना एजंट मराठीत बोलतो, मग नाकारताना कागदही मराठीत द्या. ही मागणी मी नियामकाला लेखी पाठवली आहे. तुम्हीही पाठवा.

माझा पहिला ईमेल, स्मरणपत्रं आणि लोकपालांकडचा अर्ज, तिन्हींचा मजकूर नाव-नंबर काढून तयार ठेवला आहे. ज्यांचा दावा अडकलाय त्यांनी मेसेंजरवर लिहा, पॉलिसी नंबर कमेंटमध्ये टाकू नका. शनिवारी दुपारनंतर मी मोकळी असते.