गच्चीवरची भरलेली टाकी भूकंप अडवत नाही

बेळगावजवळच्या खानापूरच्या मामांनी परवा जुन्या दगडी घरावर हजार-हजार लिटरच्या आणखी दोन टाक्या चढवल्या. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "पाणी हादरा खातंय की! ग्रुपवर आलंय." तो मेसेज मलाही तीनदा आलाय. तैपेईच्या उंच इमारतीत भूकंपासाठी गोळा टांगलाय, तेच काम टाकीतलं पाणी करतं, म्हणून टाक्या काठोकाठ भरून ठेवा. आणि जी इमारत किंवा पूल हलतो तो कच्चा. मामांच्या डोक्यावर दोन टन चढल्यावर गप्प बसवत नाही.

आधी ते 'काठोकाठ'. पाण्यानं हादरा जिरवायचा तर ते हिंदकळायला हवं. त्या हिंदकळण्यातच ऊर्जा खर्ची पडते. यालाच डॅम्पिंग म्हणतात. तोंडापर्यंत भरून झाकण लावलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागाच नाही. उरतं नुसतं वजन, तेही घर सगळ्यात जास्त हलतं तिथे, अगदी वर. वजन वाढलं की भूकंपाचा भिंतींवर येणारा जोरही वाढतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत दगडमातीच्या भिंती ढासळल्या आणि वरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. इतक्यात विसरलो?

टाकी अर्धी ठेवली तर? तरी जमत नाही. मीटरभर रुंदीच्या टाकीतलं पाणी एकदा तिकडे जाऊन परत यायला सेकंदभर घेतं. दुमजली घराचा एक हेलकावा साधारण पाव सेकंदात संपतो. ताल जुळल्याशिवाय पाणी काही खात नाही. पाण्याचे डॅम्पर, म्हणजे हादरा जिरवणारी साधनं, असतात, हे खरंय, ते नाकारत नाही. पण ते त्या-त्या इमारतीचा ताल मोजून, पाण्याची उंची ठरवून बनवतात.

तैपेईचा गोळा 660 टनांचा, आणि तो मुख्यतः वाऱ्यानं होणारं डोलणं कमी करायला आहे.

'हलतं ते कच्चं' हेही चूक. लंडनचा मिलेनियम पूल 10 जून 2000 ला उघडला आणि चालणाऱ्या माणसांखाली आडवा डोलायला लागला. दोन दिवसांत बंद केला. मजबुतीत तो कमी नव्हता, डॅम्पिंगमध्ये होता. डॅम्पर बसवून 2002 मध्ये पुन्हा सुरू केला. गोकाकचा झुलता पूलही पायाखाली हलतोच.

घरात डॅम्पिंग मुळातच असतं: भिंती, सांधे, बारीक भेगा यांच्या घर्षणातून. हलवलेली वस्तू एकही झोका न घेता जागेवर येईल इतकं डॅम्पिंग म्हणजे 100 टक्के. आयएस 1893 हे भूकंपाचं भारतीय मानक इमारतींसाठी 5 टक्के धरतं. घराच्याच तालात हादरे येत राहिले तर तोच जोर संथपणे लावल्यावर होईल त्याच्या 2 टक्क्यांना 25 पट हालचाल होते, 5 टक्क्यांना 10 पट. 2016 च्या आवृत्तीत बेळगाव झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या भूकंप-पट्ट्यात, आहे, म्हणजे काळजी घ्यायलाच हवी. ती दारा-खिडक्यांवरून सगळ्या भिंतींना बांधून घेणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्यानं घ्या.

मामा, रविवारी येतोय. आधी दोन्ही टाक्या रिकाम्या करून ठेवा, उतरवायला मी दोघं घेऊन येतो.