आधी रांगायचं, मग वाघ

कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावायचा तर आधी कोणाला तरी वाघ व्हावं लागतं. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना कॅमेरे बांधून झाले की एकाने मधून चार पायांवर रांगत जायचं. कॅमेऱ्याचा तांबडा दिवा लुकलुकला की वाघ पास. हा मान बहुधा सगळ्यात नव्या गड्याला मिळतो, आणि ताडोबात फेब्रुवारीत कुसळं चांगली कडक झालेली असतात.

रांगायचं, कारण कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर, जमिनीपासून ३० ते ४५ सेंटिमीटरवर बसतो. वर बांधला तर वाघाची पाठ येते, आणि आपल्याला हव्यात कुशी, कारण कोणता वाघ ते ओळखायचं कुशीवरच्या पट्ट्यांवरून. डाव्या कुशीवरचे पट्टे उजवीसारखे नसतात, म्हणून कॅमेऱ्यांची जोडी. त्यातला एक झोपला की पंचाईत. इथली डावी कूस आणि पलीकडच्या नाल्यावरची उजवी कूस एकाच वाघाची की दोघांची, हे ब्रह्मदेवही सांगणार नाही. जोडीही अगदी नाकासमोर नाक ठेवायची नाही, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या डोळ्यांत जातो. आणि तोंड पूर्वेला केलंत तर रोज सकाळी सूर्यनारायणाचं दर्शन. वाघ त्या उजेडात कुठे तरी असतोच.

खरा वैरी मात्र गवताची काडी. आतला सेन्सर चित्र बघत नाही. आजूबाजूपेक्षा वेगळं तापलेलं काही हललं की तो शटर दाबतो. उन्हात तापून वाऱ्यावर डोलणारी काडी त्याला जनावरच वाटते. उलट चंद्रपूरच्या ४५ अंशांत जमीन आणि जनावर सारखंच तापलेलं, तेव्हा खरं रानडुक्कर समोरून गेलं तरी हा ढिम्म. म्हणून समोरचं गवत विळ्याने मुळापर्यंत काढायचं. एक काडी राहिली की कार्ड तिच्या फोटोंनी भरतं.

देशभरातल्या २०१८च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले. फोटो निघाले सुमारे ३ कोटी ४८ लाख, त्यात वाघाचे ७६,६५१. म्हणजे साडेचारशे फोटो बघावेत तेव्हा एक वाघ. उरलेल्यांत कोण? चितळं, गावची गुरं, मोह वेचायला निघालेल्या बाया (त्यांचे फोटो बाजूला काढायचे, दाखवत फिरायचे नाहीत), आणि वानरं. वानराला कॅमेरा म्हणजे हक्काचा आरसा. आधी एक डोळा, मग दोन नाकपुड्या, मग नुसते धुरकट केस. तिथे ते टेकून बसलेलं असतं. पुढचे चाळीस फोटो केसांचेच.

अस्वलाची तऱ्हा वेगळी. ते हुंगतं, चाटतं, मग नख्या घालून ओढतं. साखळी आणि कुलूप टिकतं, कॅमेऱ्याचं तोंड मात्र आभाळाकडे वळतं. त्यानंतर महिनाभर पानगळीचा अभ्यास. झाकणाचं रबर नीट बसलं नसेल तर मुंग्या आत संसार थाटतात, अंड्यांसकट. आणि बॅटऱ्या बदलताना घड्याळ लावायला विसरलात, तर एप्रिलमधला वाघ १ जानेवारीला रात्री बारा वाजता हजेरी लावतो.

वाघ त्या मानाने गुणी. बहुतेक वेळा मधल्या वाटेने, सरळ, कूस दाखवत जातो. फ्लॅशने बिचकलेला एखादा मात्र पुढच्या खेपेला झाडामागून वळसा घालतो. फोटोत फक्त शेपटीचं टोक.

दुसरी खोड अशी की वाटेकाठचं जे जाडसर झाड कॅमेऱ्याला सोयीचं, तेच त्याला हद्दीची खूण करायला आवडतं. तो पाठ फिरवतो, शेपटी उभी करतो आणि नेम धरून पिचकारी मारतो. काच पुसता येते, कॅमेरा बांधायच्या पट्ट्याचा वास जात नाही. गंमत म्हणजे तो वास थेट शिजत्या बासमतीचा. कॅमेरे काढून परतताना जीपभर गरम भाताचा घमघमाट, आणि डब्यात सकाळची गार भाकरी.