'रेणुका' नाव ठेवू नका म्हणणाऱ्यांनी एकदा माहूरगड चढून यावा

येत्या रविवारी माझ्या भाचीचं बारसं आहे. मुलगी झाली तर रेणुका, हे आईनं कधीच ठरवून टाकलं होतं. माहूरची रेणुकामाता आमचं कुलदैवत, त्यामुळे त्यावर चर्चाही झाली नव्हती. आणि परवा रात्री भावजयीचा दबक्या आवाजात फोन. "अक्का, नाव बदलायचं का?"

तिला एकच मेसेज दिवसभरात तीनदा आला होता. आधी ऑफिसच्या ग्रुपवर, मग मावशीकडून, शेवटी खुद्द वडिलांकडून. 'रेणुका : चुकूनही ठेवू नये असं नाव', खाली पाच मुद्दे, शेवटी जोडलेले हात आणि दहा जणींना पाठवा. आई शेजारीच घुगऱ्यांचे हरभरे निवडत बसली होती. तिनं मान वर करून विचारलं, "काहून बदलायलेत नाव?" तिला काय सांगू?

पहिला मुद्दा : रेणुका म्हणजे पायाखालची धूळ. हे अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करते. रेणू म्हणजे धुळीचा कण. पण फुलातला परागही रेणूच, आणि शाळेत शिकलेले अणू-रेणू इतक्यात विसरलात? आयुर्वेदात तर रेणुका नावाचं सुवासिक बीज आहे. बरं, धूळच धरली, माती धरली, तरी बिघडलं काय? घटस्थापनेला आम्ही वावरातली काळी माती आणतो, पत्रावळीवर पसरून त्यात धान्य पेरतो आणि दसऱ्याला तेच पिवळे कोंब टोपीत खोवतो.

खरा संताप दुसऱ्या मुद्द्याचा. 'या नावाच्या मुलीला नवरा संशयी मिळतो, संसार मोडतो, पोटचा मुलगाच वैरी होतो. म्हणूनच माहूरला देवीचं तोडलेलं शिर पुजतात.' बाळंतिणीला हे पाठवताना हात कसा वळला, कुणास ठाऊक.

लिहिणाऱ्यानं गोष्ट उचलली महाभारतातल्या वनपर्वातून, पण अर्धीच. रेणुका स्नानाला गेली, चित्ररथ राजा बायकांसोबत पाण्यात खेळताना दिसला, तिचं मन क्षणभर ढळलं. एवढंच. जमदग्नींनी ते ओळखलं आणि मुलांना सांगितलं, आईला मारा. चौघं थोरले जागचे हलले नाहीत, म्हणून त्यांना शाप. परशुरामानं परशू उचलला. मेसेज इथं संपतो, वनपर्व संपत नाही. वडील प्रसन्न होऊन 'वर माग' म्हणाले तेव्हा त्यानं सगळ्यात आधी आई जिवंत मागितली, आणि हे तिला आठवू नये हेही मागितलं. भाऊ पूर्ववत करून घेतले. यात मुलगा वैरी कुठं दिसला? मनात येऊन गेलेल्या एका क्षणापायी बायकोचा जीव मागितला तो नवऱ्यानं, आणि खापर फोडायचं तिच्या नावावर! 'जमदग्नी नाव ठेवू नका' असा मेसेज मला अजून आलेला नाही.

आणि माहूरचं ते तोडलेलं शिर नव्हेच. गडावर सांगतात ती कथा वेगळीच. सहस्रार्जुनाच्या वैरात जमदग्नी मारले गेले. परशुरामानं कावडीत एकीकडे वडिलांचा देह, दुसरीकडे आई घेतली आणि कोरी भूमी शोधत माहूर गाठलं. तिथं रेणुका सती गेली. पोरगा आईसाठी रडू लागला तेव्हा आकाशवाणी झाली : ती जमिनीतून वर येईल, मागं वळून बघू नकोस. त्याला कुठला धीर! तो वळला, तोवर फक्त मुख वर आलं होतं. तेच मुख, तोच शेंदूर लावलेला तांदळा. मातापूर म्हणतात माहूरला, ते उगीच नाही. दर्शनाला गेलात तर विडा कुटून केलेला तांबूल प्रसाद म्हणून हातावर पडतो. हात लाल होतो, दिवसभर वास जात नाही.

संसार मोडतो म्हणे! अहो, आमच्याकडं हळद उतरायच्या आत गोंधळ घालतात. संबळ कडाडतो, दिवटी पेटते आणि गोंधळी हाक मारतात, "माहूरच्या रेणुके, गोंधळाला ये." नवीन जोडपं पहिल्यांदा गड चढतं ते तिच्याच पायाशी. ती संसार मोडणारी असती तर लग्नघरात तिला आवतण कोण देईल?

तिसरा मुद्दा : नाव कर्नाटकातलं, देवदासींचं. सौंदत्तीची यल्लम्मा म्हणजे रेणुकाच, आणि तिच्या नावानं मुली सोडल्या जात, हे खरंच आहे. कर्नाटकानं त्याविरुद्ध 1982 साली कायदा केला. पण मुली सोडल्या त्या माणसांनी. नाव संस्कृत आहे, थेट हिमाचलापर्यंत पोचलेलं. तिथं सिरमौर जिल्ह्यात रेणुकाजी नावाचं सरोवर आहे, आणि दर कार्तिकात परशुरामाची पालखी तिथं आईला भेटायला येते. वैरी मुलगा!

चौथा : 'रे' अक्षर स्वाती नक्षत्राचं, स्वातीचा स्वामी राहू, म्हणून अशुभ. 'रो'ही स्वातीचंच हो. रोहित शर्मानं 2024 साली विश्वचषक उचलला, राहू आडवा आला नाही.

पाचवा : या नावाची बाई कधी मोठी झाली नाही. भारताची वेगवान गोलंदाज रेणुका सिंह ठाकूर कोण मग? पुढं बोलत नाही.

भावजयीला एवढंच सांगितलं, नाव जुनाट वाटत असेल तर सरळ तसं म्हण. मी आईची समजूत काढते, दुसरं ठेवू. थोडा वेळ ती गप्पच. मग म्हणाली, "नाही अक्का, आवडतं मला. वडिलांनी पाठवलं म्हणून भ्याले."

मग ठीक. शनिवारी रात्री हरभरे भिजत घालते. त्या व्याह्यांना मात्र रविवारी पाळण्याच्या अगदी जवळ उभं करणार आहे, कानात 'कुर्र' करून सांगितलेलं नाव त्यांनाही नीट ऐकू यायला हवं.