कॉइलचे ओहम कमी केले की बिल कमी? उलटं होतं भाऊ

सध्या फॅमिली ग्रुपांवर वीजबिल कमी करायच्या गणिताचा एक फॉरवर्ड फिरतोय. त्यात म्हणे गिझरला कमी ओहमची कॉइल टाका, करंटला अडथळा कमी म्हणजे बिल कमी, व्होल्टेज डाऊन असताना गिझर लावू नका कारण करंट वाढून युनिट दुप्पट पडतात, आणि जुना 100 वॉटचा बल्ब मल्टीमीटरवर 40 ओहम दाखवतो म्हणजे तो खरं तर 1300 वॉट खातो, कंपन्या फसवतात. सूत्रं पुस्तकातलीच आहेत म्हणून लोकांना पटतंय, पण लावलीत भलत्याच ठिकाणी.

आधी कॉइल. घरात ठरलेलं असतं ते व्होल्टेज, 230 च्या आसपास, करंट किती जाणार ते व्होल्टेज भागिले ओहम यावरून ठरतं. 2000 वॉटचा गिझर 8.7 अँपिअर घेतो, म्हणजे कॉइल साधारण 26 ओहमची. ती 13 ची केली की करंट डबल, 17 च्या वर, आणि पॉवर 4000 वॉट! फॉरवर्डवाल्याने करंटचा वर्ग गुणिले ओहम हे सूत्र घेतलं, ओहम निम्मे केले आणि करंट मात्र होता तेवढाच धरला, तिथे गंडलं सगळं. पाणी लवकर तापेल हो, पण 16 अँपिअरचा सॉकेट आणि त्यामागची वायर पण तापेल, तेव्हा हा प्रयोग कोणी करू नका.

व्होल्टेज डाऊनचं म्हणणं अर्धं खरं आहे, फक्त ते गिझरचं नाही, मोटारीचं आहे. शेतातल्या पंपावर लोड तेवढाच राहतो, व्होल्टेज पडलं की मोटार जास्त करंट ओढते, आणि करंट 20 टक्के वाढला तर वाइंडिंगमधली उष्णता 44 टक्के वाढते, म्हणून तर कमी दाबात मोटारी जळतात. गिझरची कॉइल म्हणजे नुसता रेझिस्टन्स. 180 व्होल्टला तिच्यातून 6.8 अँपिअरच जातो, पॉवर साधारण 1225 वॉट. 15 लिटर पाणी 25 वरून 55 डिग्रीला न्यायला अर्धा युनिटच्या जरा वर लागतो, तो तेवढाच लागणार, फक्त 16 मिनिटांऐवजी 26 मिनिटं थांबा. टाकीतून थोडी उष्णता जास्त वेळ निसटते तेवढाच काय तो फरक, दुप्पट कुठून आणलं देव जाणे.

बल्बचं मला आवडलं, कारण 40 ओहम हे रीडिंग खोटं नाहीये. पण ते थंड फिलामेंटचं, म्हणजे बल्बमधल्या टंगस्टनच्या तारेचं आहे, आणि ही तार तापली की तिचे ओहम कितीतरी वाढतात. मल्टीमीटर एक-दोन व्होल्ट लावून बघतो, तेवढ्यात टंगस्टन काय तापणार? पेटलेल्या बल्बचा करंट मोजा, 0.43 अँपिअर येईल, 230 भागिले 0.43 म्हणजे सुमारे 530 ओहम, आणि 230 गुणिले 0.43 म्हणजे 100 वॉट. बटण दाबल्या दाबल्या क्षणभर करंट खरंच कितीतरी जास्त जातो, म्हणून जुने बल्ब बहुतेक वेळा लावतानाच उडायचे. व्होल्टेज आणि करंट दोन्ही चालू स्थितीत, एकाच वेळी मोजायचे, बस.

आणि हो, क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर) घेऊन पंख्याचे वॉट काढणाऱ्यांनो, तिथे व्होल्टेज-करंटचा नुसता गुणाकार चालत नाही, पॉवर फॅक्टरनेही (त्या गुणाकारातला कितवा हिस्सा खरी पॉवर, तो आकडा) गुणायचं असतं. गिझर-इस्त्रीला तो जवळपास 1 असतो म्हणून तिथे जमून जातं.